करंजाची शेंग टपोरी, बी मात्र पोचट: दरवर्षी का होतं आणि काय करायचं

नोव्हेंबर लागला की माझ्या फोनवर दरवर्षी तेच फोटो येऊ लागतात. ताटात ओतलेल्या करंजाच्या हिरव्यागार शेंगा, शेजारी सुरी आणि मधोमध चिरलेली एक शेंग. आत भिजवलेल्या पावट्यासारखी मऊ, हिरवट बी. आठवड्याभराने दुसरा फोटो येतो. तीच बी गच्चीवर वाळून मनुकेसारखी आकसलेली. खाली प्रश्न असतो, "काका, झाडाला रोग आहे का? गेल्या वर्षीही असंच झालं होतं."

झाडाला काही झालेलं नाही. शेंग तीन-चार महिने लवकर उतरवली, एवढंच झालंय. दहापैकी आठ वेळा उत्तर हेच असतं. उरलेल्या दोन वेळा काय असतं तेही पुढे लिहितो, पण आधी हे आठ.

मी स्वतः हीच चूक लागोपाठ तीन वर्षं केली आहे, त्यामुळे कुणाला हसायचा मला अधिकार नाही. कोथरूडला आमच्या सोसायटीत सात करंज आहेत, सगळे पंचवीसेक वर्षांचे. दिवाळीआधी आवारात साफसफाई निघते. तेव्हा माळीदादा वर चढायचे आणि शेंगांची चार पोती उतरवायचे. आम्ही निवृत्त मंडळी दुपारभर बसून शेंगा फोडायचो. वाळवलेलं बी घेऊन मी शहराबाहेरच्या एका घाण्यावर गेलो, तर घाणीवाल्याने मूठभर बी हातात घेतलं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि परत पोत्यात टाकलं. "यात तेल नाही हो. पाणी होतं, ते उडून गेलं." पहिल्या वर्षी मला वाटलं, हा भाव पाडतोय. दुसऱ्या वर्षी वाटलं, वाळवण्यात आपलंच काही चुकलं. तिसऱ्या वर्षी माळीदादांनी विचारलं, "पण साहेब, दिवाळीत करंज कोण उतरवतं? आमच्याकडे शिमग्यानंतर गोळा करतात." तीन वर्षं ते आम्ही सांगू तसं चढत होते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

गोंधळाचं मूळ झाडाच्या वेळापत्रकात आहे. आपण आंब्याच्या हिशोबाने मोजतो. मोहर माघात आला की फळ वैशाखात. करंज तसा चालत नाही. फुलापासून पक्क्या बीपर्यंत त्याला दहा-अकरा महिने लागतात. म्हणजे या उन्हाळ्यातल्या फुलाची शेंग पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर पिकते आणि तोवर नवा फुलोरा यायची वेळ होते. म्हणून एप्रिलमध्ये करंजाखाली उभं राहून वर पाहिलं, तर एकाच फांदीवर गुलाबी-जांभळट झाक असलेले पांढरे घोस आणि तपकिरी वाळक्या शेंगा असं दोन्ही दिसतं. बघणारा म्हणतो, वा, याच फुलांच्या या शेंगा! त्या गेल्या वर्षीच्या असतात. एकदा ही गफलत झाली की पुढचं सगळं गणित चुकतं.

पुण्यातला करंज वर्षभर काय करतो ते सणांच्या आधाराने सांगतो, कारण तारखांपेक्षा ते लक्षात राहतं. महाशिवरात्रीच्या सुमारास जुनी पानं पिवळी पडून गळायला लागतात. झाड पूर्ण उघडं फार दिवस राहत नाही. होळी ते पाडवा या काळात पोपटी, चकचकीत पालवी फुटते. इतकी चकचकीत, की तेल चोपडल्यासारखी वाटते. त्या पालवीच्या बगलेतून फुलांच्या मंजिऱ्या येतात आणि एप्रिलमध्ये, अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, झाडाखाली फुलांचा सडा पडतो. आमच्याकडच्या गाड्यांवर तो इतका साचतो की एका सभासदाने वार्षिक सभेत करंज तोडण्याचा ठराव मांडला होता. तो बारगळला.

मे-जूनमध्ये नीट पाहिलं तर नखाएवढ्या चपट्या शेंगा दिसतात. पाऊस लागला की त्या झपाट्याने वाढतात, आणि गणपती-नवरात्रापासून दिवाळीपर्यंत शेंग लांबी-रुंदीला जवळपास पूर्ण होते, बोटभर लांब, मधे फुगीर, टोकाला किंचित वळलेली, हुबेहूब करंजीच्या घाटाची. पण दिवाळीत घरातली करंजी तयार होते, झाडावरची नाही. या वेळी झाडाने फक्त पारी लाटलेली असते, सारण भरायचं बाकी असतं. बीचा आकार तयार असतो, आत पाणी जास्त आणि घट्ट द्रव्य कमी. तेल साठतं ते यानंतर, थंडीत आणि थंडी संपतासंपता. संक्रांतीला शेंगेचा हिरवा रंग फिका पडून पिवळट होतो, साल कडक होते. होळीच्या सुमारास ती तपकिरी होते, हलवली तर आत बी खुळखुळतं. मग ती कुणाच्या धक्क्याशिवाय, वाऱ्याने, मेपर्यंत टप्प्याटप्प्याने गळत राहते.

यातली गंमत अशी, की करंजाची शेंग आपणहून तडकत नाही. गुलमोहरासारखी ती उघडून बी सांडत नाही, अख्खीच खाली पडते. त्यामुळे "उशीर केला तर बी उडून जाईल" ही भीती इथे फोल आहे. उशिराचा धोका एकच, वळीव. मेच्या शेवटी दोन सरी पडल्या आणि शेंगा ओल्या मातीत आठवडाभर पडून राहिल्या की आत बुरशी चढते. तेव्हा मुदत होळीपासून वळवापर्यंत. पुण्यात दोन-अडीच महिने निवांत मिळतात.

आपलं बी पक्कं आहे की नाही हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. झाडाच्या चारी बाजूंच्या, वरच्या-खालच्या मिळून वीस शेंगा घ्या आणि फोडा. बीवरचं साल तांबूस तपकिरी झालेलं हवं. बी आडवं कापलं तर दोन्ही दलं घट्ट, पिवळसर पांढरी दिसली पाहिजेत आणि कापलेला भाग कागदावर दाबला की तेलाचा डाग उमटला पाहिजे. पाण्याचा डाग तासाभरात वाळून जातो, तेलाचा राहतो. माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची खूण. शिवाय एक वजनाची चाचणी आहे. शंभर वाळकी बियाणी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. चांगलं भरलेलं बी सव्वा-दीड ग्रॅमच्या घरात असतं, म्हणजे शंभराचं वजन शंभर ग्रॅमच्या वर जायला हवं. माझं दिवाळीचं बी साठ ग्रॅमसुद्धा भरलं नव्हतं. किलोला साधारण हजारभर बिया बसल्या तर खुशाल पुढे जा. दोन हजारांच्या आसपास बसत असतील तर पोचट माल आहे.

आता उरलेल्या दोन वेळांकडे येऊ. वाट पाहिली, मार्च उजाडला, तरी शेंगाच नाहीत, किंवा आहेत पण बी खराब.

पहिला संशय छाटणीवर घ्या. पुण्यात सोसायट्यांना छाटणी सुचते ती पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये. फांदी गाडीवर पडू नये म्हणून. हेतू बरोबर, पण करंजाच्या दृष्टीने याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. फुलोरा नव्या पालवीच्या बगलेत असतो, कोवळ्या शेंगा त्याच फांद्यांवर धरलेल्या असतात, आणि गेल्या वर्षीचा पक्का मालही काही तिथेच लटकत असतो. एका घावात दोन वर्षांचं पीक जातं. नंतर पावसात झाड भसाभस फुटतं, हिरवंगार दिसतं, आणि लोक म्हणतात, "झाड तर मस्त आहे, मग शेंगा का नाहीत?" आमच्या फाटकाजवळचे दोन करंज लागोपाठ चार वर्षं याच कारणाने वांझ राहिले.

उपाय सोपा नाही, कारण करंजावर रिकामा महिना जवळजवळ नसतोच. नोव्हेंबर-डिसेंबरात छाटलं तर भरत आलेल्या शेंगा जातात. त्यातल्या त्यात फेब्रुवारीअखेर, पानगळीच्या वेळी, आधी पक्क्या शेंगा काढून मग गरजेपुरत्या फांद्या घेणं बरं. सगळी झाडं एकाच वर्षी उघडी करू नका. आम्ही दरवर्षी दोनच घेतो, बाकीची पाच फळतात. आणि परवानगी विसरू नका. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली शहरात झाडाला हात लावायचा तर महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. अर्ज फिरायला वेळ लागतो, म्हणून फेब्रुवारीची छाटणी हवी असेल तर दिवाळी झाल्या झाल्या कागद द्या.

दुसरा संशय मधमाश्यांवर, म्हणजे त्यांच्या नसण्यावर. करंजाचं फूल वाटाण्याच्या फुलासारख्या घडणीचं. खालच्या दोन पाकळ्यांच्या होडीत पुंकेसर आणि स्त्रीकेसर झाकलेले असतात. माशी त्या होडीवर बसली, तिच्या वजनाने पाकळ्या दबल्या, की आतलं बाहेर येतं आणि पराग तिच्या पोटाला लागतो. झाडाला बहुतांशी दुसऱ्या झाडाचा पराग मानवतो. म्हणजे माशीही हवी आणि जवळपास दुसरा करंजही हवा. एकुलतं एक झाड असेल तर फुलांचा सडा पडूनही शेंगा जेमतेम धरतात. एरवीसुद्धा बहुतेक फुलं गळणारच, त्याची काळजी करू नका. घोसातल्या मूठभर फुलांच्या शेंगा झाल्या तरी फांदी वाकते.

आणि आपण काय करतो? ऐन एप्रिलमध्ये कुणाच्या तरी बाल्कनीखाली आग्या मोहोळ लागतं, घबराट होते, फवारणीवाला येतो आणि रात्रीत मोहोळ साफ. केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून याच शहरात, गणेशखिंड रस्त्यावर आहे, आणि त्याच शहरात मोहोळ दिसलं की पहिला फोन कीटकनाशकवाल्याला जातो. आग्या माश्या घातक असतात हे मान्य, शाळेजवळ किंवा जिन्यात मोहोळ असेल तर ते हलवावंच लागतं. पण मारण्याऐवजी हलवणारी माणसं आता पुण्यात मिळतात. छोट्या फुलोरी माश्यांचं झुडपातलं तळहाताएवढं पोळं तर कुणाला त्रासही देत नाही, ते तरी राहू द्या.

तिसरी गोष्ट फसवी आहे. काही जणांच्या फोटोत शेंगा लांबट नसून गोल, वाटाण्याएवढ्या, घोसाने लटकलेल्या दिसतात. "बुटक्या जातीचा करंज आहे का?" असं मला एका ताईंनी विचारलं होतं. त्या शेंगाच नाहीत. एक अतिसूक्ष्म माशी, डासाच्या नात्यातली, कळीत अंडं घालते. आतल्या अळीमुळे बीजकोश फुगून त्याची गाठ बनते. त्यातून ना शेंग येते ना बी. फवारणीचा उपयोग होत नाही, कारण अळी आत बंदिस्त असते आणि वरून मारलेलं औषध फक्त मधमाश्यांना लागतं. हाताला येतात तेवढे गाठींचे घोस हिरवे असतानाच तोडून जाळून टाका, म्हणजे पुढच्या पिढीच्या माश्या कमी होतील. पानांवर बोटांसारखे उंचवटे येतात ते मात्र वेगळ्याच जीवाचं, कोळीवर्गातल्या एका सूक्ष्म किडीचं काम. दिसायला ओंगळ, पण मोठ्या झाडाला त्याने फारसं बिघडत नाही. पालवी कुरतडणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्यांचंही तेच. करंजावर वाढणारी फुलपाखरं आहेत, त्यांना त्यांचा वाटा घेऊ द्या.

शेंगेला टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं तर बी आत पोखरलेलं असतं. ती शेंग वेगळी काढून नष्ट करा, पोत्यात टाकू नका. बाकी सगळं बी भरलेलं असून दहात एखादी शेंग अशी निघाली तर ते नेहमीचंच समजा.

चौथं कारण पुण्याच्या पेव्हर ब्लॉकांचं. करंज काटक झाड आहे, मुळं खोल जातात, नदीकाठी आणि मुरमाड टेकडीवरही तो तगतो. पण बुंध्याला घासून सिमेंट ओतलेलं असेल, तर पावसाचं पाणी मुळांपर्यंत पोचत नाही, आणि ऑक्टोबरनंतर, म्हणजे ऐन सारण भरायच्या वेळी, झाड तहानेलं राहतं. अशा झाडाच्या शेंगा आकाराने पूर्ण, रंगाने तपकिरी, पण बी किरकोळ असतं. बुंध्याभोवती हातभर तरी फरशी काढा, आळं करा, पालापाचोळा तिथेच कुजू द्या, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत दर पंधरा दिवसांनी भरपूर पाणी सोडा. रोज बादलीभर घालू नका, ते वरच्या वर उडून जातं. रासायनिक खताच्या मागे लागू नका. करंज शेंगवर्गीय आहे, नत्राची सोय मुळांवरच्या गाठींतून काही अंशी तो स्वतःच करतो. जास्त नत्र दिलं तर पानं माजतात.

वयाचाही हिशोब ठेवा. बीपासून वाढवलेलं रोप चार ते सात वर्षांनी फुलायला लागतं, कलम केलेलं दोन-तीन वर्षांत. तिसऱ्या वर्षी "अजून शेंग नाही" म्हणून रोपाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एकदा असंही झालं, की फोटोत काटेरी वेल निघाली. नर्सरीत करंज मागितला आणि हाती लताकरंज, म्हणजे आपला सागरगोटा, पडला होता.

आता काढणी आणि पुढचं थोडक्यात. होळीनंतर झाडाखाली गोणपाट किंवा जुनी चादर पसरा आणि आकडीने फांदी हलवा. पिकलेल्या पडतात, न पिकलेल्या चिकटून राहतात. चाळणीचं काम झाडच करतं. म्हणून ओरबाडू नका, आणि ओरबाडलंत तर कोवळा फुलोराही सोबत खाली येईल. दर आठवड्याला एकदा असं केलं की सगळं उतरतं. शेंगा तीन-चार दिवस कडक उन्हात घाला, मग लाकडी मोगरीने ठोका आणि सुपात पाखडा. बी पुन्हा दोन दिवस वाळवून गोणपाटाच्या पोत्यात, जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेलं बी पावसाळ्यात हमखास बुरसटतं. रोपांसाठी ठेवायचं असेल तर त्याच जूनमध्ये पेरा. काही प्रक्रिया लागत नाही, दोन-तीन आठवड्यांत उगवतं. वर्षाच्या वर ठेवलेल्या बियाण्याची उगवण ढासळते.

तेलाबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. बीमध्ये तेल वजनाच्या साधारण तीस टक्क्यांच्या आसपास असतं, पण साध्या घाण्यावर शंभर किलोमागे वीसेक किलो हाती लागलं तरी चांगलं म्हणायचं, बाकीचं पेंडीत राहतं. आणि गल्लोगल्ली झालेल्या शेंगदाणा-करडईच्या लाकडी घाण्यांवर करंज नेऊ नका. ते नाही म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. करंजतेल कडू आणि उग्र वासाचं असतं, त्यात करंजिनसारखी द्रव्यं असतात, ते खायचं नाही. एकदा करंज काढला तर त्या घाण्यातून पुढे शेंगदाण्याचं तेल निघेल ते कुणाच्या फोडणीत नको. निंबोळी आणि करंज काढणारा अखाद्य तेलांचा घाणा शोधा, आणि किमान किती बी घेता ते आधी फोनवर विचारा. दहा किलोसाठी यंत्र सुरू करायला कुणी तयार नसतं. आम्ही म्हणूनच आसपासच्या तीन सोसायट्यांचं बी एकत्र करतो. पेंड परत आणायला विसरू नका, कुंड्यांना आणि बागेला उत्तम. गुरांना मात्र ती घालू नका.

जैवइंधनाची हवा होती तेव्हा, २००९ च्या राष्ट्रीय धोरणानंतर, "सोसायटीचा जनरेटर करंजाच्या तेलावर चालवू" असं आमच्याकडेही एकाने मांडलं होतं. सात झाडांवर! मी कागदावर हिशोब करून दाखवला तेव्हा ते गृहस्थ गप्प झाले. आमचं तेल कार्तिकात पणत्यांना जातं आणि थोडं माळीदादा भेगाळलेल्या टाचांना लावायला नेतात.

यंदाच्या दिवाळीत ज्यांच्या शेंगा उतरवून झाल्या आहेत, त्यांना सांगण्यासारखं फार नाही. खुडलेली शेंग ठेवून पिकत नाही, ती केळं नाही. कंपोस्टमध्ये टाका. पण झाडाच्या शेंड्यावर माळ्याचा हात पोचला नसेल तिथे अजून शेंगा असतील. त्यांना मार्चपर्यंत हात लावू नका, आणि तेव्हा त्यातलं बी कापून कागदावर दाबून पाहा.

आमच्या सातातला पाचवा करंज, पंपघराजवळचा, मला अजून उलगडलेला नाही. छाटणी नाही, आळं आहे, शेजारी दुसरा करंज आहे, गाठी नाहीत, माश्या गुणगुणतात, आणि तरी दरवर्षी फुलांनी लदलेल्या त्या झाडावर शेंगा दोन टोपल्या. करंजात झाडागणिक फरक फार असतो, त्यातलंच हे असावं. रोपांसाठी त्याचं बी मी धरत नाही. बाकी सावली त्याची सगळ्यांत गार, दुपारी माळीदादांचा डबा तिथेच उघडतो.